सावकाश वाचणे म्हणजे शब्द ताणणे नव्हे

माझ्या आजोबांनी आपल्या तरुणपणच्या आठवणी एका जाड वहीत लिहून ठेवल्या आहेत. ती वही वाचून दाखवता येईल असे घरात फार कोणी उरलेले नाही, आणि त्यातली माणसे ओळखणारी तर एकटी आत्याच आहे. गेल्या वर्षी काचबिंदूमुळे तिची नजर वाचण्याइतकी राहिली नाही. तेव्हा वहीची छायाचित्रे मागवून घेऊन मी न्यू जर्सीतल्या घरी, हिवाळी कोटांच्या कपाटात मायक्रोफोन ठेवून, एकेक प्रकरण ध्वनिमुद्रित करू लागलो व तिला पुण्याला पाठवू लागलो. तिसऱ्या प्रकरणानंतर तिचा फोन आला. ती म्हणाली, "अरे, आवाज तुझाच आहे हे कळलं. पण दादा त्या रात्री घरी आले होते, की आले नव्हते?"

वहीतले वाक्य स्पष्ट होते: त्या रात्री ते परतले नव्हते. मी मुद्रण पुन्हा ऐकले. 'परतलो' नीट ऐकू येत होते. 'नव्हतो' हा शब्द मात्र माझ्या ओसरत्या श्वासात आणि पुढच्या वाक्याकडे धावणाऱ्या घाईत विरून गेला होता. आत्याला तिच्या वडिलांच्या आयुष्यातली एक रात्र मी नेमकी उलटी सांगितली होती.

आवाजाचे काम हौसेने किंवा व्यवसाय म्हणून करू पाहणारे मराठी लोक परदेशांत आता बरेच आहेत. कोणी मराठी शाळेतल्या मुलांसाठी गोष्टी मुद्रित करतो, कोणी पॉडकास्ट चालवतो, कोणी आपल्या कंपनीच्या प्रशिक्षणफितींना आवाज देतो. 2017 च्या अखेरीस स्टोरीटेल भारतात आले आणि मराठी बोलत्या पुस्तकांना एक बाजारपेठही लाभली. या कामात नवख्याला सर्वांत आधी जी सूचना मिळते ती एकच: जरा सावकाश. सूचना खरी आहे, पण अपुरी आहे. सावकाश म्हणजे नेमके काय कमी करायचे, हे त्यात कोणी सांगत नाही.

वेग मोजायचा कसा

इंग्रजी बोलत्या पुस्तकांचा वेग साधारणपणे मिनिटाला दीडशे ते एकशे साठ शब्दांच्या आसपास असतो. हा आकडा मराठी वाचक अनेकदा जसाच्या तसा उचलतात आणि तिथेच फसतात. मराठी विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दालाच चिकटवते. 'घरासमोरच्यांनाही' हा आपला एक शब्द; तेवढाच अर्थ सांगायला इंग्रजीला सात-आठ शब्द लागतात. म्हणजे मिनिटाला दीडशे मराठी शब्द बोलणारा माणूस ऐकणाऱ्याच्या पदरात इंग्रजी वाचकापेक्षा पुष्कळ अधिक मजकूर टाकत असतो. मी पहिले प्रकरण मोजले तेव्हा माझा वेग मिनिटाला 163 शब्द निघाला. इंग्रजीच्या मापाने तो थोडासाच जास्त वाटला असता. मराठीच्या मापाने ती पळापळ होती. आज माझे वाचन 115 ते 120 शब्दांच्या दरम्यान असते. पण हा नियम म्हणून कोणी घेऊ नये. बोली संवादांनी भरलेल्या पानावर शब्द आखूड असतात, वैचारिक गद्यात लांब. शब्दांऐवजी अक्षरे मोजली तर तुलना अधिक खरी होते, एवढेच सांगतो.

वेगाच्या मोजणीत आणखी एक गोम आहे. फ्रीडा गोल्डमन-आयस्लर या विदुषींनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये माणसांच्या उत्स्फूर्त बोलण्यावर वर्षानुवर्षे प्रयोग केले. त्यांचे पुस्तक 1968 साली प्रसिद्ध झाले. त्यांच्या मोजमापातून एक अनपेक्षित गोष्ट पुढे आली. एखादा माणूस भरभर बोलतो आणि दुसरा हळू, असे आपण म्हणतो तेव्हा प्रत्यक्ष शब्द उच्चारण्याच्या वेगात फरक त्यामानाने थोडा असतो. मोठा फरक असतो तो विरामांत. हळू बोलणारा माणूस शब्द लांबवत नाही, तो अधिक वेळा आणि अधिक वेळ थांबतो. लिखित मजकूर वाचणे आणि मनातले बोलणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत हे खरे, पण वाचनाचा उद्देशच मुळी मनातले बोलल्यासारखे वाटावे हा असतो.

मी नेमके याच्या उलट करत होतो. आत्याच्या फोननंतर चौथे प्रकरण मी हट्टाने 'सावकाश' वाचले, म्हणजे प्रत्येक स्वर ताणला. ऐकल्यावर वाटले, की कोणीतरी आजारी माणूस सत्यनारायणाची कथा वाचतो आहे. मराठीत स्वर ताणणे विशेष घातक ठरते. ह्रस्व इकार-उकार दीर्घ होऊ लागतात आणि अंत्य अक्षरातला जो अकार आपण बोलताना गाळतो तो परत येतो. 'घर' हा शब्द बोलण्यात 'घर्' असा संपतो. ताणणारा वाचक तो 'घरऽ' करतो आणि भाषा क्षणात परकी वाटू लागते. मोबाइलवर मुद्रणाचा वेग पाऊणपट करून ऐकण्याची सोय असते तीही याच कारणाने फारशी उपयोगी पडत नाही: ती शब्द आणि विराम दोन्ही सरसकट ताणते.

ऐकणाऱ्याच्या कानामागे

विराम कुठे घ्यायचा याला संशोधनाचा भक्कम आधार आहे. बोस्टनजवळच्या ब्रँडाइस विद्यापीठात आर्थर विंगफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात तरुण व वृद्ध श्रोत्यांना यंत्राने वेगवान केलेले बोलणे ऐकवले आणि काय लक्षात राहिले ते विचारले. वेग वाढला तशी आठवण ढासळली. मग शब्दांचा वेग तसाच ठेवून संशोधकांनी मध्ये शांतता घातली. ती वाक्यखंडांच्या सीमांवर घातली तेव्हा स्मरण लक्षणीय सुधारले. कुठेही, अर्थाची पर्वा न करता घातली तेव्हा तसा लाभ झाला नाही. अतिवेगात वृद्ध श्रोत्यांची हानी मात्र पूर्णपणे भरून निघाली नाही.

यात आपल्या कामाचे सारे काही आले. ऐकणारा माणूस शब्द कानाने घेतो आणि अर्थाची जुळवाजुळव मागाहून करतो. त्या जुळवाजुळवीला जो अवकाश लागतो तो वाचणाऱ्यानेच द्यायचा असतो, आणि तो अर्थाच्या सांध्यावर दिला तरच उपयोगी पडतो. छापील पानावर वाचक स्वतः थबकतो, मागे जातो. ऐकणाऱ्याच्या हाती ते नसते. ऐंशी ओलांडलेल्या कानांना तर घाईचे बोलणे, श्रवणशक्ती शाबूत असली तरी, अधिक जड जाते.

व्हॉइस ऑफ अमेरिकेने 1959 साली इंग्रजी शिकणाऱ्या परदेशी श्रोत्यांसाठी 'स्पेशल इंग्लिश' नावाची बातमीपत्रे सुरू केली. त्यात शब्दसंग्रह सुमारे दीड हजार शब्दांचा, वाक्ये छोटी आणि वाचनाचा वेग नेहमीच्या बातम्यांपेक्षा जवळजवळ एक-तृतीयांशाने कमी असे. त्या वेगात न चुकता व नैसर्गिकपणे वाचणे हे वेगळे कौशल्य आहे. मिनिटभर कोणीही हळू वाचू शकतो. दुसऱ्या मिनिटाला जीभ आपल्या जुन्या सवयीवर येते.

ही सवय येते कुठून? एक कारण डोळ्यांत आहे. मनातल्या मनात वाचण्याचा वेग मोठ्याने वाचण्यापेक्षा कितीतरी अधिक असतो; डोळे पुढच्या ओळीवर पोचलेले असतात आणि जीभ त्यांना गाठायला धावते. दुसरे कारण शांततेच्या भीतीचे. मायक्रोफोनसमोर एक सेकंदाचा विराम बोलणाऱ्याला चूक झाल्यासारखा वाटतो. ऐकणाऱ्याला तो जेमतेम जाणवतो. आणि तिसरे कारण, निदान माझ्या बाबतीत, पंचवीस वर्षांच्या नोकरीचे आहे. बैठकीत आपण थांबलो की दुसरा बोलू लागतो, म्हणून श्वास न सोडता मुद्दा संपवायचा हे इथे आलेल्या आपल्यापैकी पुष्कळांनी अंगी बाणवले आहे. तीच जीभ घेऊन आपण आजोबांची वही वाचायला बसतो. शिवाय आपली मराठी इथे बहुधा स्वयंपाकघरात आणि मोटारीत बोलली जाते, अर्धी वाक्ये, अर्धे शब्द. 'करत होते'चे 'करतोते' होते आणि कोणाचेच काही अडत नाही. मुद्रणात अडते.

क्रियापद शेवटी येते त्याची गोष्ट

मराठी वाचकाला इंग्रजी पुस्तकांतून न मिळणारा एक धडा आपल्या वाक्यरचनेतच दडलेला आहे. इंग्रजीत नकार वाक्यात लवकर येतो. ऐकणाऱ्याला पहिल्या चार शब्दांतच कळते की गोष्ट घडली नाही. मराठीत कर्ता, स्थळ, काळ, कर्म सगळे येऊन गेल्यावर अगदी शेवटी 'नव्हतो' येते. वाक्याचा निकाल शेवटच्या शब्दावर. आणि नेमके तिथेच श्वास संपलेला असतो, सूर खाली उतरलेला असतो, डोळे पुढच्या वाक्यावर गेलेले असतात. इंग्रजी वाचकाने वाक्याचे शेपूट गिळले तर एखादे नाम बुडते. आपण गिळले तर अर्थ उलटतो.

यावर मला उपयोगी पडलेला सराव साधा आहे. अवघड वाक्य वाचण्यापूर्वी त्याचे शेवटचे क्रियापद एकदा मोठ्याने म्हणायचे, मग पूर्ण वाक्य. 'परतलो नव्हतो.' आणि मग: 'त्या रात्री पाऊस थांबला तरी मी घरी परतलो नव्हतो.' कुठे पोचायचे ते जिभेला आधी माहीत झाले की ती वाटेत धावत नाही. पंधरा दिवस असे केल्यावर तो सराव मनातल्या मनात आपोआप होऊ लागतो.

जोडाक्षरांनाही घाईचा मोठा फटका बसतो. 'आचाऱ्यांना बोलावले' आणि 'आचार्यांना बोलावले' यांतला फरक रेषेएवढा आहे, पण पहिल्यात स्वयंपाकी येतात आणि दुसऱ्यात गुरुजी. 'दऱ्या' डोंगरात असतात, 'दर्या' कोकणात. हे भेद आघातावर उभे आहेत. 'आचार्य' म्हणताना आधीच्या 'चा'वर जो क्षणभराचा जोर येतो तोच घाईत पहिल्यांदा नाहीसा होतो. म्हणून जोडाक्षरांनी भरलेले वाक्य आले की तेवढ्यापुरता उच्चाराचा वेगही थोडा उतरवावा लागतो. विराम पुरेत नाहीत अशी ही एक जागा.

विराम कुठे घ्यायचा आणि कुठे नाही, हे शिसपेन्सिलने कागदावर ठरवणे सर्वांत चांगले. विन्स्टन चर्चिल आपली भाषणे कवितेसारख्या तोडलेल्या ओळींत टंकलिखित करून घेत. प्रत्येक ओळ एका दमात बोलायची. मी वहीतला मजकूर संगणकावर उतरवतानाच तसा तोडतो. 'आजीने दार उघडले' ही एक ओळ, 'तेव्हा अंगणात' ही दुसरी, 'कोणीच नव्हते' ही तिसरी. 'तेव्हा' हा शब्द पहिल्या ओळीच्या शेवटी टाकला तर वाक्य लंगडते. तो पुढच्या चित्राचा आहे. संयुक्त क्रियापद तोडायचे नाही, षष्ठीचे विशेषण त्याच्या नामापासून फार दूर न्यायचे नाही. स्वल्पविरामावर मात्र आंधळा विश्वास ठेवू नये. आजोबांच्या पिढीने स्वल्पविराम सढळ हाताने दिलेले असतात, आजचे लेखक ते देतच नाहीत. विरामचिन्हे डोळ्यांसाठी असतात. कानासाठीच्या खुणा आपल्याला वेगळ्या कराव्या लागतात.

थांबलेल्या क्षणात काय करायचे? मनात 'एक, दोन' मोजणारे वाचक मी ऐकले आहेत आणि मोजणी त्यांच्या आवाजात ऐकू येते. मीही आरंभी तबल्याच्या ठेक्याचे ॲप लावून पाहिले. परिणामी आजोबांच्या आठवणी पाढ्यांसारख्या वाजू लागल्या आणि तो प्रयोग दोन दिवसांत संपला. संगीतातून घ्यायचे ते वेगळेच आहे. विलंबित ख्यालात दोन मात्रांमधले अंतर वाढते, पण गायक ते अंतर रिकामे सोडत नाही, सुराचा विचार त्यात चालू असतो. म्हणूनच नवख्याला द्रुतापेक्षा विलंबित अवघड जाते. वाचनात तो विचार म्हणजे पुढचे चित्र. अंगण दिसेपर्यंत थांबायचे, दिसले की बोलायचे. विराम आपोआप योग्य लांबीचा होतो आणि दर वेळी थोडा वेगळा होतो, हे त्याहून महत्त्वाचे.

श्वासाबद्दल थोडेच सांगतो, कारण गाणाऱ्यांनी दमसासावर पुरेसे सांगून ठेवले आहे. खांदे उचलून छातीच्या वरच्या भागात घेतलेला श्वास तीन-चार शब्दांत संपतो आणि माणूस उरलेले वाक्य उधारीवर उरकतो. पोटापर्यंत श्वास घ्यावा, वाक्य संपल्यावरही थोडा शिल्लक असावा. शिल्लक श्वास असेल तर शेवटचे 'नव्हतो' बुडत नाही. मायक्रोफोन तोंडाच्या थेट समोर न ठेवता किंचित बाजूला ठेवला तर 'भ', 'फ', 'ध' यांच्या हवेचा फटकाही बसत नाही.

द. मा. मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर यांनी कथाकथनाचे कार्यक्रम गावोगाव नेले. त्या परंपरेतली मुद्रणे आज सहज ऐकायला मिळतात आणि आवाजाचे काम करणाऱ्याने ती वेगाकडे लक्ष ठेवून ऐकावीत. त्यांत थांबण्याचे धैर्य दिसते. अर्थात त्यांना एक मदत होती: समोर माणसे होती. हशा संपेपर्यंत थांबावेच लागे आणि चेहऱ्यांवरून कळे की गोष्ट पोचली की नाही. कोटांच्या कपाटात कोणी नसते. म्हणून मी माझ्या अकरा वर्षांच्या मुलीला दाराशी स्टुलावर बसवू लागलो. तिची मराठी रविवारच्या शाळेइतकी. काही कळले नाही की हात वर करायचा, एवढेच तिचे काम. मला वाटले होते ती 'ओसरी' आणि 'खलबत्ता' यांना हात वर करील. त्या शब्दांचा अर्थ तिने संदर्भावरून लावला किंवा सोडून दिला. तिचा हात वर गेला तो बहुतेक वेळा सोप्या शब्दांवर, जिथे मी दोन माहित्या एका श्वासात कोंबल्या होत्या: कोण कोणाचा भाऊ, आणि तो गावाहून कधी आला. नात्यांची आणि गावांची नावे आली की त्यांच्या आधी व नंतर थांबायला मी तिच्याकडून शिकलो.

सगळीकडे हा उपाय चालत नाही. डबिंगमध्ये पडद्यावरचे ओठ वेग ठरवतात, जाहिरातीत घड्याळ. तिथे इंग्रजीवरून केलेला मराठी मजकूर मुळापेक्षा लांबतो आणि आवाज देणाऱ्याला तो कोंबावा लागतो. अशा वेळी वेग कमी करण्याचा एकच प्रामाणिक मार्ग असतो: मुद्रणाआधी संहितेतले शब्द कमी करून मागणे. तीस सेकंदांच्या मजकुरातून 'या ठिकाणी', 'उपलब्ध करून देण्यात येत आहे' असली सरकारी चरबी काढली तर चार-पाच सेकंद सहज सुटतात. नवखे कलाकार हे मागायला संकोचतात. अनुभवी लोक आधी संहिता वाचतात, दर मागाहून ठरवतात.

संवादांना वेगळा न्याय लावावा लागतो. निवेदन सावकाश आणि स्पष्ट, पण भांडणारी दोन माणसे त्याच गतीने बोलू लागली तर ती खोटी वाटतात. तिथे 'करतोते' चालते, किंबहुना तेच हवे. आजोबांच्या वहीत त्यांच्या आईचे बोलणे जसेच्या तसे उतरले आहे, झरझर, कोकणी वळणाचे. ते मी माझ्या जुन्या वेगाने वाचतो. वेगवान संवादानंतर निवेदन पुन्हा संथ झाले की ऐकणाऱ्याला उसंत मिळते, आणि संथपणा जाणवतो तो या फरकामुळेच.

ही गोष्ट मला उशिरा कळली. विराम जमू लागल्यावर मी त्यांच्या इतका प्रेमात पडलो, की आठवे प्रकरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच संथ चालीत वाचले. आत्याचा फोन आला. आता सगळे कळते, ती म्हणाली, एकेक शब्द कळतो. पण बाजारातल्या भांडणापाशी तिला झोप लागली. ते प्रकरण मी परत मुद्रित केले. भांडण जोरात, त्यानंतरची वाट हळू. त्याच्यावर तिने वेगाबद्दल काही म्हटले नाही. ती म्हणाली, त्या भांडणातला तो दुकानदार दादांनी लिहिला आहे तसा नव्हता, आणि मग अर्धा तास तो कसा होता ते सांगत राहिली. तिने सांगितलेले मी मुद्रित करून ठेवले आहे. ती फार सावकाश बोलते.